उजवीकडचा रकाना

(शहापूर तालुक्यातील खर्डी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचा. त्यातले पुष्कळजण समोर बसले आहेत, तेव्हा मी ते धाडस करत नाही. थेट विषयाकडे येतो.

डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाकडे कधीकाळी एक निरीक्षण वही होती. सोबत्याचा सराव पाठ मागच्या बाकावर बसून पाहायचा आणि त्यावर अभिप्राय लिहायचा, ही तिची योजना. ती वही आज पुन्हा उघडून पाहा. ‘प्रस्तावना आकर्षक होती. आवाज स्पष्ट होता. फलकलेखन सुवाच्य होते. शैक्षणिक साधनांचा योग्य वापर केला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता.’ पान उलटा, पुन्हा तेच. पाठ अपूर्णांकाचा असो, पानिपतच्या लढाईचा असो की पानाच्या रचनेचा, प्रस्तावना आकर्षकच. नावे झाकली तर कुठला अभिप्राय कुणाच्या पाठावरचा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कधी कधी तर पाठ व्हायच्या आधीच, म्हणजे एस.टी.त बसल्या बसल्या, अभिप्राय लिहून झालेला असतो. हसू नका, माहितीच्या माणसांपुढे बोलतो आहे.

असे का होते, याचे सोपे उत्तर म्हणजे भीड. आज तिचा पाठ, उद्या माझा. मी तिच्या वहीत काही बोचरे लिहिले, तर ती माझ्या वहीत लिहील. त्यापेक्षा उंटाच्या लग्नात गाढवाने गावे आणि दोघांनी एकमेकांची वाहवा करावी, हे बरे. पण भीड हे अर्धेच कारण आहे. दुसरे अर्धे असे की, दुसऱ्याच्या कामावर लिहायचे म्हणजे शेरा मारायचा, एवढा एकच नमुना आपण पाहिलेला आहे. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते उभे राहिले आणि त्याच्याबरोबर शाळा तपासणारा साहेब आला. दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर) येणार म्हटले की शाळा सारवून निघायची, मुलांचे कपडे धुतले जायचे, पंतोजींच्या पोटात गोळा यायचा. साहेब गेले की शेरेबुकात चार ओळी राहायच्या आणि त्या चार ओळींवर वर्ष निघायचे. नंतर दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले, शेरेबुकाची भेट वही झाली, पण शेऱ्याचा स्वभाव बदलला नाही. शेरा वरून खाली येतो. तो पाठ होऊन गेल्यावर येतो. त्याच्याखाली सही असते आणि त्या सहीला वजन असते. साहजिकच सोबत्याच्या हातात वही आली की तो एकतर साहेब होतो, नाहीतर साहेब व्हायला घाबरतो आणि ‘छान’ लिहून मोकळा होतो.

मला आज एवढेच सांगायचे आहे की सोबत्याचा अभिप्राय ही छोट्या साहेबाची तपासणी नव्हे. त्याची जागा वेगळी, त्याची वेळ वेगळी. वेळ पाठाच्या आधीची, आणि जागा मुलाची.

आधी वेळेचे पाहू. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन असते. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. आपल्याकडे तिचे भारतीय रूप ठरले ते ३६ मिनिटांचे. अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६. हे आकडे आपण परीक्षेसाठी घोकले. पण त्यांच्याकडे नीट पाहिले आहे का? शिकवायला सहा मिनिटे आणि पुन्हा मांडायला बारा! ज्याने हे कोष्टक बसवले त्याला ठाऊक होते की ऐकून घेणे पटकन होते, वेळ लागतो तो मोडून पुन्हा बांधायला. प्रत्यक्षात काय होते? एका दिवसात वीस छात्राध्यापक उरकायचे असतात, म्हणून पहिली छाट बसते ती त्याच बारा मिनिटांवर. पुनर्नियोजनाचे टाचण आदल्या रात्रीच घरून लिहून आणले जाते. म्हणजे चुका कुठल्या होणार आणि सोबती काय सांगणार हे आधीच ठरलेले. त्यात ज्याने अभिप्राय द्यायचा त्याच्या बोलण्याला काही किंमत उरतच नाही, आणि ते त्याला पहिल्या आठवड्यातच कळते.

आता जागा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एक टाचण घेऊ. हे कुणा एकीचे नाही. अशी टाचणे मी इतकी पाहिली आहेत की त्यांचे मिळून एक तयार झाले आहे. इयत्ता चौथी, विषय गणित, घटक धारकता, उपघटक लीटर आणि मिलिलीटर. उद्दिष्टे नेटकी. साधने: एक लीटरचे माप, अर्ध्या लीटरचे माप, तक्ता. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न: ‘मुलांनो, तुमच्या घरी रोज दूध कोण आणतो?’ अपेक्षित उत्तर: ‘दूधवाला.’ दुसरा प्रश्न: ‘किती दूध घेता?’ अपेक्षित उत्तर: ‘एक लीटर.’ मग हेतुकथन, फळ्यावर घटकाचे नाव, आणि पुढे दोन रकाने. डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती.

सोबत्याला मी सांगतो, डावा रकाना हाताने झाक. फक्त उजवा वाच, वरून खालपर्यंत. काय दिसते? ‘विद्यार्थी उत्तरे देतात. विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात. विद्यार्थी तक्त्याचे निरीक्षण करतात. विद्यार्थी उत्तरे देतात. विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात. विद्यार्थी फळ्यावरील मजकूर वहीत लिहून घेतात.’ झाले. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलाच्या वाट्याला हे आले. डाव्या रकान्यात बाईंनी कष्ट घेतले आहेत, रंगीत खडू आहेत, तक्त्याला चकाकी आहे. उजवा रकाना मात्र त्यांनी लिहिलेला नाही, तो भरलेला आहे. मागच्या वर्षीच्या कुणाच्या टाचणातून तो उतरला आणि तिथे त्याच्या आदल्या वर्षीच्यातून.

हे टाचण खर्डीच्या केंद्रातल्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत जाणार आहे असे धरा, आणि आता त्याच पाड्याच्या आसपासची कुणी सोबतीण ते वाचते आहे. ती साहेब नाही, तिला सही करायची नाही. ती समासात पेन्सिलने लिहिते: ‘मॅडम, आमच्याकडे दूधवाला येत नाही. घरात चहा कोराच. तुमच्या पहिल्या प्रश्नाला मुलं गप्प बसतील आणि तुम्हाला वाटेल त्यांना येत नाही.’ खाली आणखी एक ओळ: ‘पाणी मात्र रोज भरतात. कळशीत किती तांबे बसतात हे तिसरीतली पोरगीपण सांगेल. तिथून सुरू केलं तर?’ पुढे मापाच्या जागी: ‘पाणी ओतणार कोण? तुम्ही की मुलं? मुलं ओतणार असतील तर सांडेल, त्याला वेळ धरा.’ आणि शेवटी, तारीख पाहून: ‘हा पाठ एप्रिलमध्ये आहे. तेव्हा पाणी टँकरचं असतं. ओतलेलं पाणी परत हंड्यात जाईल असं करा, नाहीतर आया बोलतील.’

या चार ओळींपैकी एकही ओळ शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात नाही. तपासायला आलेल्या साहेबालाही ती सुचणार नाही, कारण साहेब एप्रिलमध्ये हंडा घेऊन उभे राहिलेले नाहीत. मुंबईला पाणी देणारे इथले तानसाचे धरण १८९२ चे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबई रोज साधारण ३८५ कोटी लीटर पाणी घेते आणि त्यातला मोठा वाटा शहापूर तालुक्याच्या कुशीतून जातो. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथल्या चौथीच्या मुलाला धारकता शिकवायची तर दूधवाल्याकडे जायची गरज काय? (सातवीच्या वर्गात कोटींचे आकडे शिकवताना तो ३८५ कोटी लीटरचा आकडा जरूर घ्या. दरडोई भागाकारही करून घ्या. मुले पुढचे प्रश्न आपणहून विचारतील आणि ते गणिताच्या पुस्तकात मावणार नाहीत.)

आता जरा अवघड बोलतो. ही पेन्सिलने लिहिणारी मुलगी महाविद्यालयात बहुधा गप्प बसते. ती ठाकर आहे, कातकरी आहे, वारली आहे, महादेव कोळी आहे. घरची बोली वेगळी. पहिल्या पाठाला तिला ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मिळालेला असतो, आणि त्यानंतर ती दुसऱ्याच्या पाठावर बोलायला तोंड उघडत नाही. दिवाळी झाली की कुणाच्या घरचे बिऱ्हाड भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर हलते, पावसाच्या तोंडावर परत येते आणि मधल्या महिन्यांत त्या मुलाची शाळा कशी तुटते, हे तिला सांगावे लागत नाही; तिच्या आळीतले आहे. ‘मागील पाठात आपण काय शिकलो?’ हा प्रश्न टाचणात दिसला की तिच्या ध्यानात येते, मागच्या पाठाला हे पोर इथे नव्हतेच. म्हणजे वर्गात टाचण वाचायला सर्वांत लायक कोण, तर जिचा आवाज आपण पहिल्याच महिन्यात बसवला ती. सोबत्याच्या अभिप्रायाची पद्धत बसवायची तर सुरुवात इथून करावी लागेल. तिला अभिप्राय तिच्या बोलीत लिहू द्या, बोलून सांगू द्या. शुद्धलेखनाचे नंतर पाहू.

अभिप्राय मुलाकडून घ्यायचा, ही रीत आपल्याकडे कुणी बाहेरून आणली असे समजू नका. ती इथलीच. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात भेटल्या आणि येऊन मिळाल्या. ताराबाई १८९२ च्या, अनुताई १९१० च्या. एकीकडे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत घडलेली माँटेसरीची जाण, दुसरीकडे खेड्यातल्या शाळांत मुरलेली प्राथमिक शिक्षिका. बालवाडी थाटून बसल्यावर वस्तीतली मुले येईनात. शहरातली बालशाळा खेड्यात आणली, पण मूल सकाळी घरात धाकट्याला सांभाळत होते, नाहीतर गुरांमागे होते. तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरांमागच्या पोरांसाठी कुरणावर भरली ती कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मोठेपणाच्या गोष्टी म्हणून या आपण सांगतो, पण मला त्यातले वेगळेच भावते. आपली मांडणी चुकली हे गैरहजर मुलाने सांगितले आणि दोन शिक्षिकांनी ते ऐकून मांडणी मोडली. मुलाच्या बाजूचा रकाना रिकामा आहे, हे त्यांना दिसले.

जपानमध्ये मुलाच्या बाजूने पाठ पाहण्याची शंभरावर वर्षांची परंपरा आहे. तिथे शाळेतले चार-सहा शिक्षक बसून एक पाठ मिळून तयार करतात. त्यांच्या टाचणात एक भाग असतो तो मुले काय म्हणतील याचा. बरोबर उत्तर तर असतेच, पण मूल कुठे फसेल, कुठली चुकीची वाट धरेल, तेही लिहिलेले असते. मग एकजण वर्ग घेतो. बाकीचे भिंतीकडेने उभे राहून पाहतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. अमुक बाकावरच्या मुलीने आधी काय लिहिले, कधी खोडले, शेजारच्याला काय विचारले, याच्या नोंदी. मध्ये कुणी मुलाला मदत करायची नाही. नंतर चर्चेला बसल्यावर आधी बोलतो तो पाठ घेणारा. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे ‘तुमचे अमुक चुकले’ असे म्हणायला जागाच नाही; चुकले ते आपले. १९९९ मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी पुस्तक लिहून ही रीत जगापुढे आणली, तेव्हा अमेरिकेतल्या शिक्षकांनी ती उचलायचा प्रयत्न केला. पुष्कळांना ती झेपली नाही. त्यांच्याकडेही शिक्षकाचा वर्ग म्हणजे दार लावून घ्यायची खोली. आपल्यासारखेच.

एक शंका नेहमी येते, आणि ती खरी आहे. शिकाऊ माणूस शिकाऊ माणसाला काय सांगणार? आंधळ्याला आंधळा वाट दाखवणार का? याला उत्तर म्हणून मी एका पहिलीतल्या मुलाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावात ऑस्टिन नावाच्या मुलाला फुलपाखराचे शास्त्रीय चित्र काढायचे होते. पहिले चित्र काढले ते पहिलीतली सगळी मुले काढतात तसे, बदामासारखे पंख. मग वर्गातल्या मुलांनी फोटो आणि चित्र शेजारी ठेवून त्याला सांगायला सुरुवात केली. आधी फक्त आकाराबद्दल: पंख टोकदार आहेत, तुझे गोल आहेत. आकार साधल्यावर मग नक्षीबद्दल. तो पुन्हा पुन्हा काढत गेला आणि शेवटचे चित्र पाहिले तर पुस्तकात छापावे असे. रॉन बर्जर हे शिक्षक ही चित्रे घेऊन गावोगाव दाखवतात. पोरे सहा वर्षांची होती, चित्रकार नव्हती. पण त्यांच्यापुढे खरे फुलपाखरू होते आणि त्यांना एका वेळी एकच गोष्ट पाहायला सांगितलेली होती. आपल्या छात्राध्यापकापुढे आपण अठरा मुद्द्यांचा तक्ता ठेवतो, प्रत्येकापुढे पाच चौकोन, आणि सांगतो, योग्य चौकोनात खूण करा. मग तो खुणा करतो.

खुणांचे आणि गुणांचे वेगळे बोलायला हवे. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाचवी-सहावीच्या मुलांना काहींना नुसते गुण, काहींना नुसता लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता अभिप्राय मिळालेली. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांचे नुसते गुण मिळालेल्यांसारखेच झाले. आकडा दिसला की माणूस अक्षरे वाचत नाही. दहापैकी साडेसात मिळाले, शेजारणीला आठ, संपला विषय. म्हणून सोबत्याने सोबत्याला गुण देऊ नयेत. अंतर्गत गुणांसाठी विद्यापीठाला आकडा हवाच असेल तर तो प्राध्यापकांनी द्यावा, त्याचा पगार त्यांना मिळतो.

अभिप्राय दिला की सुधारणा होते, हेही आपण फार गृहीत धरतो. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांतले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने फायदा दिसला, पण एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडले होते. त्यांचे म्हणणे असे की बोलणे कामावरून माणसावर घसरले की नुकसान होते. निंदा तर माणसावर घसरतेच, स्तुतीही घसरते. ‘तू जन्मजात शिक्षिका आहेस’ हे ऐकल्यावर पुढचा पाठ बदलायचे कारण राहत नाही. ‘तुला मुलांना सांभाळता येत नाही’ हे ऐकल्यावर बदलायचा धीर राहत नाही. ‘तिसऱ्या प्रश्नानंतर मागच्या ओळीतली मुलं खिडकीबाहेर बघायला लागली’ यावर मात्र काहीतरी करता येते. इथे कुणाला ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ हे वचन आठवेल. पण निंदकाला उद्या स्वतः पाठ घ्यायचा नसतो. सोबत्याला असतो, आणि मला वाटते त्याचे सगळे वेगळेपण त्यात आहे.

त्यातूनच पुढचा मुद्दा येतो, जो मला स्वतःला पटायला वेळ लागला. या सगळ्यात जास्त शिकतो कोण? अमेरिकेत क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परभाषी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने फक्त दुसऱ्यांच्या निबंधांवर अभिप्राय द्यायचे, दुसऱ्याने फक्त मिळालेले अभिप्राय वापरायचे. २००९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की स्वतःचे लेखन जास्त सुधारले ते देणाऱ्यांचे, विशेषतः नवख्यांचे. टाचणाच्या बाबतीत हे समजायला अवघड नाही. स्वतःच्या टाचणात दूधवाला दिसत नाही, कारण तो आपल्या घरी येतो. दुसरीच्या टाचणात तो खटकला की रात्री स्वतःचे टाचण काढून पाहावेसे वाटते: माझ्यात असा कोण बसला आहे?

हे मात्र ‘छान’ लिहिणाऱ्याला होत नाही. नेमके लिहावे लागते, आणि नेमके लिहायची आपली सवय गेली आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने आपल्या निरीक्षणातून वर्णनात्मक नोंद करायची, ही मूळ कल्पना उत्तम होती. वर्षभरात बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली, मग त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘स्वतःहून उपक्रमात सहभागी होतो. परिसराविषयी संवेदनशील आहे.’ शहापूरचा मुलगा आणि सोलापूरचा मुलगा एकाच वाक्यात संवेदनशील. मुलाविषयी नेमके लिहिणे ज्यांनी सोडून दिले, त्यांच्याकडून सोबत्याविषयी नेमके लिहिण्याची अपेक्षा कशी करायची?

दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांचा फार बोलबाला झाला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष वर्गात आणून दाखवला, आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करकरून ते पाहायला गेले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला तेव्हा तर ओघच लागला. एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाकडे जाऊन पाहतो आहे, हे दृश्यच आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून त्याचे मोल मी कमी करत नाही. पण परत येताना पुष्कळांनी आणले काय? रंगवलेली फरशी. जमिनीवर शंभरचा तक्ता, भिंतीवर मुळाक्षरांचा वेल, बाटल्यांच्या बुचांच्या पिशव्या. डोळ्यांना दिसले ते आणले. ज्या बैठकांत, ज्या वादांत ती मांडणी घडली, त्या दिसत नव्हत्या. त्या आणता आल्या नाहीत. काही ठिकाणी फरशीचा रंग उडाला आणि त्याबरोबर रचनावादही. दुसऱ्याचा तयार पाठ पाहणे आणि दुसऱ्याचे कच्चे टाचण वाचणे यांत मला दुसरे जास्त उपयोगाचे वाटते. तयार पाठाचे कौतुक होते. कच्च्या टाचणात हात घालता येतो.

वयाचा आणि मानाचा प्रश्न उरतो. हे पंचवीस वर्षे नोकरी झालेले गुरुजी आणि कालपरवा लागलेली शिक्षणसेविका. तिने त्यांच्या टाचणावर लिहायचे? आपल्याकडे ते शोभत नाही असे म्हणतात. माझा अनुभव असा की ‘गुरुजी, हे चुकलंय’ असे ती म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण ‘गुरुजी, इथे मुलगा काय करत असेल ते मला दिसत नाहीये’ असे ती खुशाल म्हणू शकते. त्यात मान जात नाही, कारण विचारले मुलाविषयी. आणि मूल हा एकच असा पाहुणा आहे, की त्याच्यासाठी जुने गुरुजीही खुर्ची सरकवून बसतात. सोबत्याने सांगितलेले सगळे ऐकलेच पाहिजे असेही नाही. पेन्सिल सोबत्याची, पेन टाचण लिहिणाऱ्याचे. हंड्याची सूचना घ्यायची की नाही हे वर्ग घेणाऱ्या बाईच ठरवतील; त्यांच्या वर्गात खर्डी बाजारातली, दुधाची पिशवी घेणारी चार घरे असतील तर त्या दोन्ही घेतील. फक्त न घेण्याचे कारण त्यांनी एका ओळीत समासात लिहावे. पुढच्या वेळी सोबती अधिक विचार करून सुचवतो.

हे सगळे करायचे कुठे, असे शेवटी विचाराल. जागा आहे. राज्यात केंद्रशाळांची रचना १९९४-९५ पासून झाली, ४,८६० केंद्रे आहेत, आणि दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका छताखाली येतात.  परिषदेत काय होते? गुलाबपुष्प देऊन स्वागत, प्रास्ताविक, एक आदर्श पाठ, त्याला टाळ्या, चहा, आणि मग परिपत्रकांचे वाचन. जी परिपत्रके सकाळीच सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेली असतात, तीच. आदर्श पाठाऐवजी पुढच्या आठवड्यात घ्यायचे एक कच्चे टाचण आणा, नाव न घालता. त्याच्या दहा प्रती काढा. तीन-तीन जणांनी बसून डावा रकाना झाकून वाचा, पेन्सिलने लिहा, आणि ज्यांचे टाचण आहे त्यांना बारा मिनिटे द्या. परिपत्रकांसाठी वेळ उरला तर वाचा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आहेतच.